हातभर अंतरावरच्या कामासाठी हेडलॅम्प: स्वस्त झूमवाल्यापासून १८६५०च्या नळीपर्यंत

डोक्याला लावायची बॅटरी घ्यायला गेलं की दुकानदार ती आधी समोरच्या इमारतीवर मारून दाखवतो. कामासाठी घेणाऱ्याने ती आपल्या तळहातावर मारून बघावी. स्टार्टरची पेटी, सिंकखालचा ट्रॅप, मोटरसायकलचा कार्ब्युरेटर, पीव्हीसीचा जॉइंट, ही सगळी कामं डोळ्यापासून चाळीस ते साठ सेंटिमीटरवर होतात. एवढ्या अंतरावर उजेड किती आहे यापेक्षा तो किती रुंद आणि किती सारखा पडतो याला जास्त महत्त्व आहे.

साधा हिशेब करून बघा. १०० लुमेन (लुमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड) ९० अंशांत सारखे पसरले, तर अर्ध्या मीटरवर एक मीटर व्यासाचं वर्तुळ उजळतं आणि तिथे साधारण २०० लक्स (लक्स म्हणजे कामाच्या जागेवर प्रत्यक्ष पडणारा उजेड) मिळतात. फिटिंगच्या कामाला ते पुरेसे आहेत. बारीक वायरिंग असेल तर उजेड दुप्पट करावा. तेच १०० लुमेन १० अंशांत कोंबले, तर जेमतेम नऊ सेंटिमीटरचा ठिपका पडतो आणि त्यात १६ हजारांहून जास्त लक्स साठतात. डोळ्याची बाहुली त्या ठिपक्याला धरून आकसते आणि बाजूची टर्मिनलं काळी पडतात. स्क्रू दिसतो, पण त्यातून निघालेली वायर कुठे गेली ते दिसत नाही. मग ठिपका फिरवायला मान सतत हलवावी लागते. ‘हेडलॅम्पने डोकं दुखतं’ ही तक्रार बहुतेक वेळा या ठिपक्यामुळेच असते.

तीन-चारशे रुपयांत मिळणारा झूमवाला हेडलॅम्प इथेच मार खातो. पुढची काच सरकवून झोत लहान-मोठा करायची सोय असते आणि गिऱ्हाइकाला ती आवडते. पण झोत लहान केला की एलईडीच्या चौकोनी चिपची प्रतिमाच भिंतीवर उमटते आणि बराचसा उजेड नळीच्या आत अडतो. झोत मोठा केल्यावर तो बऱ्यापैकी सारखा पडतो. कामाला हा दिवा वापरायचाच असेल तर कायम याच स्थितीत ठेवावा. बाकीचे दोष बनावटीतले आहेत. सरकणारं डोकं पंपासारखं हवा आत-बाहेर ओढतं आणि तिच्याबरोबर ओलावाही. सेल मागच्या डबीत असतो आणि तिथून पुढे येणारी वायर बिजागरीजवळ रोज वाकते. काही महिन्यांत आतली तार तुटून दिवा लुकलुकायला लागतो. बटण एकच असतं: मोठा, मंद, मग भकभक. बंद करायला दरवेळी भकभकीतून जावं लागतं आणि शेजारी काम करणारा वैतागतो. चार्जिंगचं सर्किट काही नगांत इतकं तकलादू असतं की सेल ४.२ व्होल्टला पोहोचल्यावरही करंट थांबत नाही. म्हणून हा दिवा रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये. सुटा हेल्पर, कधीमधी लागणारा दिवा, एवढ्यापुरता तो ठीक. रोजच्या कामाला आम्ही तो सुचवत नाही.

त्याच्या वरची पायरी म्हणजे तीन ‘एएए’ सेलवर चालणारे हलके प्लास्टिकचे हेडलॅम्प. पेट्झल टिक्किना हा यातला साधा आणि भरवशाचा नमुना. एकच बटण, उजेडाच्या तीन पायऱ्या, भकभक नाही, सेलसकट वजन शंभर ग्रॅमच्या आत. झोत जवळच्या कामाला पुरेसा रुंद आहे, पाण्याच्या शिंतोड्यांना पुरे पडेल एवढं आयपीएक्स-४ संरक्षण आहे आणि साध्या सेलच्या जागी कंपनीचा रिचार्जेबल ‘कोअर’ पॅकही बसतो. त्याचा दोष असा, की सेल उतरत जातात तसा उजेडही हळूहळू उतरत जातो. तासाभरानंतर आपण मंद उजेडात काम करतोय हे लक्षातही येत नाही. पेट्झलचाच ॲक्टिक कोअर १२५० एमएएचच्या त्याच पॅकवर चालतो. त्यात रुंद आणि मिश्र (रुंद अधिक लांबचा) असे दोन झोत आहेत, शिवाय लाल दिवा. खोक्यावर ६०० लुमेनचा आकडा आहे, पण कामाचा आकडा मधल्या पायरीचा: १०० लुमेन, सात तास.

या ‘सात तासां’चा अर्थ समजून घ्यायला हवा. एएनएसआय एफएल-१ या मानकाप्रमाणे दिवा सुरू केल्यानंतर तिसाव्या सेकंदाला जेवढा उजेड असतो, त्याच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ ‘रनटाइम’ म्हणून छापतात. म्हणजे शेवटचा तास दहा-पंधरा लुमेनचाही असू शकतो. लुमेनचा आकडा ३० ते १२० सेकंदांत मोजलेला असतो. काही मिनिटांनी दिवा तापला की टर्बो, म्हणजे सगळ्यात मोठी पायरी आपोआप खाली येते, त्याचं प्रतिबिंब त्यात नसतं. आणि ‘१०० मीटर’ म्हणजे तिथे पाव लक्स, जवळजवळ पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. मीटरचा आकडा जितका मोठा तितका झोत अरुंद असण्याची शक्यता जास्त, म्हणून पॅनेलवर काम करणाऱ्याने मीटरचा मोठा आकडा बघून भुलू नये.

रोज चार-सहा तास दिवा डोक्यावर असणाऱ्यासाठी आमची पसंती तिसऱ्या प्रकाराला आहे: एका १८६५० सेलची (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब लिथियम सेल) आडवी ॲल्युमिनियमची नळी, जिच्या बाजूने उजेड बाहेर पडतो. स्किलहंट एच०४ आणि आर्मीटेक विझार्ड ही यातली दोन चांगली नावं. सेल कपाळावरच असल्याने मागची डबी नाही आणि तुटायला वायरही नाही. नळी पट्ट्याच्या रबरी कड्यांतून काढली की हातात धरता येते, आणि बुडाला लोहचुंबक असल्याने पेटीच्या पत्र्याला चिकटवता येते. सेलसकट वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम होतं, त्यामुळे डोक्यावरून जाणारा तिसरा पट्टा वापरावा; नाहीतर दिवा घसरू नये म्हणून बाजूचा पट्टा आवळावा लागतो आणि कानशिलं दुखतात.

एच०४ घेताना नीट बघून घ्यावं, कारण एकाच नावाचे तीन अवतार आहेत. मण्यामण्यांच्या भिंगाचा रुंद झोताचा, रिफ्लेक्टरचा लांब झोताचा, आणि पुढे दुधी झाकण उघडमीट करता येणारा. पेटीतल्या कामाला पहिला. कधी शिडीवरून खांबाचं टोक बघायचं आणि कधी जॉइंट मारायचा असेल तर तिसरा. विझार्डचा झोत कंपनी ७० अंश मध्य आणि १२० अंश कड असा सांगते, आणि त्याची खरी ओळख हीच: मध्ये ठिपका नाही, कडेला काळी रेषा नाही, उजेड अलगद संपतो. त्याच्या बटणाची भाषा मात्र किचकट आहे. दोनदा दाबा, तीनदा दाबा, धरून ठेवा. दिवा चार जणांत फिरणार असेल तर एच०४ बरा. दोघांच्या चार्जिंगवाल्या नगांचं चार्जिंग कंपनीच्याच चुंबकी केबलने होतं, मोबाईलची केबल चालत नाही. केबल हरवली तर दिवा अडतो, म्हणून १८६५०चा साधा सुटा चार्जर घरी असू द्यावा.

या दोन्ही दिव्यांना एक ठिकाण वर्ज्य आहे: जिवंत बसबार (वीज वाहून नेणाऱ्या उघड्या धातूच्या पट्ट्या) असलेली उघडी पेटी. ॲल्युमिनियमची नळी वाकताना निसटून दोन फेजवर पडली तर काय होईल हे इलेक्ट्रिशियनला सांगायला नको. सप्लाय बंद करता येत नसेल तिथे प्लास्टिकच्या अंगाचाच हेडलॅम्प लावावा. चुंबकाचंही तसंच. गॅरेजमध्ये तो लोखंडाचा कीस गोळा करतो आणि मग तो कीस बुडाच्या आट्यांत शिरतो. रोज पुसून घ्यावा. पेसमेकर असलेल्या माणसाने असा दिवा शर्टाच्या खिशात ठेवू नये.

आता उजेडाच्या रंगाबद्दल, कारण त्यावर पैसे वाचवणं महाग पडतं. स्वस्त एलईडीचा उजेड निळसर, ६५०० केल्विनच्या वरचा असतो आणि रंग दाखवण्याची त्याची क्षमता, म्हणजे सीआरआय, ७०च्या आसपास. अशा उजेडात सगळ्यात आधी लाल रंग मरतो. लाल फेज आणि तपकिरी फेज, रेझिस्टरवरचे तपकिरी-लाल-नारिंगी पट्टे, तांब्यावरची जळकी काळपट छटा, गळणारं ऑइल इंजिनचं आहे की गिअरबॉक्सचं, हे ओळखताना डोळा फसतो. ९०च्या वर सीआरआय आणि ४००० ते ५००० केल्विन हा कामाचा टप्पा. त्याच सेलवर लुमेन थोडे कमी मिळतात, पण १०० खरे लुमेन १३० निळसर लुमेनपेक्षा जास्त दाखवतात. दुकानात खिशातून लाल आणि तपकिरी वायरचे दोन तुकडे काढून दिव्याखाली धरले की खोक्यावरचं काही वाचायची गरज राहत नाही.

दुसरी तपासणी लुकलुकीची. मंद पायरी देण्यासाठी स्वस्त दिवे एलईडी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. डोळ्याला ते थेट दिसत नाही, पण तासाभरात थकवा येतो, आणि त्याहून वाईट म्हणजे फिरणारा पंखा, ग्राइंडर किंवा लेथचा चक मंद फिरतोय किंवा थांबलाय असा भास होऊ शकतो. मोबाईलचा कॅमेरा स्लो-मोशनवर ठेवून मंद पायरीतला दिवा भिंतीवर मारा. पडद्यावर काळे पट्टे धावताना दिसले तर तो दिवा फिरत्या यंत्राजवळ नको. मग पांढरा कागद हातभर अंतरावर धरून वलयं आणि ठिपका बघावा, हातमोजा घालून बटण दाबून बघावं, आणि मान जोरात होकारार्थी हलवावी. बिजागरी सैल असेल तर झोत लगेच खाली झुकतो.

घरी आधीच ठिपकेवाला दिवा असेल तर तो टाकून द्यायची गरज नाही. नंबरप्लेट आणि स्टिकर करणाऱ्या रेडियमवाल्याकडे खिडकीच्या काचेवर लावायची दुधी फिल्म मिळते. काच स्पिरिटने पुसून त्या मापाचा गोल तुकडा चिकटवला की उजेड थोडा घटतो आणि ठिपका जवळजवळ नाहीसा होतो. बटर पेपर लावू नये. तो तापून पिवळा पडतो.

सेलचं गणित एकदा मांडून ठेवलं की फसवणूक टळते. चांगला एलईडी, भिंग आणि ड्रायव्हर (एलईडीचा करंट सांभाळणारं सर्किट) धरून एका वॅटला ढोबळमानाने १०० लुमेन मिळतात. ३००० एमएएचच्या १८६५०मध्ये जवळजवळ ११ वॅट-तास असतात, म्हणजे १०० लुमेनवर दहाएक तास. तीन रिचार्जेबल ‘एएए’ सेलमध्ये मिळून पावणेतीन वॅट-तासच, म्हणजे तीन तासांच्या आत खेळ संपतो. बहुतेक १८६५०ची खरी क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास थांबते. ‘९९०० एमएएच’ छापलेला सेल हातात घेऊ नये. खऱ्या सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या जवळपास भरतं, किराणा दुकानातल्या काट्यावरही ते कळतं. संरक्षण सर्किट असलेला सेल ६५ मिलिमीटरपेक्षा तीन ते पाच मिलिमीटर लांब असतो, तेव्हा तो नळीत बसतो का हे आधी पाहावं. अल्कलाइन सेल मात्र दिव्यात पडून राहिले की गळतात आणि पितळी पट्ट्या खातात. टिक्किना महिनाभर ठेवून द्यायचा असेल तर सेल काढून ठेवा.

पिशवीत टाकताना नळीवाल्या दिव्याचं बूड पाव आटा सैल करावं किंवा बटणाचं लॉक लावावं. दिवा चुकून टर्बोवर सुरू झाला तर पुढची काच कापड करपवण्याइतकी तापते. बुडाच्या रबरी रिंगला सहा महिन्यांनी सिलिकॉन ग्रीस लावलं तर पावसाळा निभावतो.

रात्रीच्या लाइटीवर दारं धरणाऱ्याची, म्हणजे शेताला पाणी देणाऱ्याची, गरज यापेक्षा वेगळी आहे. सरी जवळची बघायची असते आणि बांधाचं टोक लांबचं, म्हणून दोन झोतांचा दिवा किंवा दुधी झाकणाचा एच०४ इथे शोभतो. पण नुसत्या हेडलॅम्पवर शेतात फिरू नये. उजेड डोळ्याच्या अगदी शेजारून निघतो, त्यामुळे वस्तूची सावली तिच्याच मागे लपते आणि जमीन सपाट भासते. खड्डा, ढेकूळ आणि मण्यार एकसारखे दिसतात. हातात कमरेच्या उंचीवर धरलेली साधी बॅटरी तिरकी सावली पाडते आणि फरक लगेच कळतो. पायात गमबूट, डोक्यावर रुंद झोत, हातात दुसरी बॅटरी. पहिल्या पावसानंतर पांढऱ्या उजेडावर किडे तोंडावर येतात. कपाळावरचा दिवा मंद किंवा लाल करून हातातली बॅटरी वापरली की ते बरेच कमी होतात. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे जुने शेतकरी हेडलाइट अजून बाजारात आहेत. हंगाम संपल्यावर ते रिकामे ठेवले की प्लेटांवर सल्फेट चढतं आणि पुढच्या हंगामात ते तासभरही चालत नाहीत. दर महिन्याला एकदा पूर्ण चार्ज केले तर टिकतात.

हेल्मेटवर लावायचा असेल तर हेल्मेटला चार क्लिप आहेत का ते पाहा, नुसता पट्टा गुळगुळीत टोपीवरून निसटतो. गोबरगॅसची टाकी, सेप्टिक टँक, पेट्रोल किंवा सॉल्व्हंटची जागा यांसाठी वरचा एकही दिवा नाही. तिथे स्फोटरोधक (फ्लेमप्रूफ) प्रमाणपत्र असलेलाच दिवा लागतो, पेट्रोलियमच्या जागी पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची सरकारी संस्था) मान्यता असलेला आणि कोळसा खाणीत डीजीएमएसची (खाण सुरक्षा महासंचालनालय).