बदलत्या भागात घर घेताना: जुनी वस्ती, कारखान्याची जागा की शहराचं टोक?

‘हा भाग पाच वर्षांत ओळखू येणार नाही’ हे वाक्य एजंट तीन ठिकाणी हमखास ऐकवतो. एक, शहराच्या मध्याजवळची जुनी वस्ती, जिथे एकेक घर पाडून नवं उभं राहतंय. दोन, बंद कारखान्यांचा पट्टा, जिथे टॉवर येतायत. तीन, मेट्रोची वाट बघणारं शहराचं टोक. तिन्हीकडे दर कमी असतो, पण तो कमी असण्याची कारणं वेगळी आणि फसण्याच्या जागाही वेगळ्या. जे आज उभं आहे त्याचेच पैसे द्यायचे, जे होणार म्हणतात त्याचे नाहीत, ही आमची कसोटी.

आधी थोडा हिशेब. खरेदीचे कर आणि शुल्क, दलाली, पुढे विकतानाचा खर्च असे मिळून किमतीच्या १० टक्के जातात असं धरा. भाव वर्षाला ३ टक्क्यांनी वाढला, तर नुसता हा खर्च भरून यायला तीन-साडेतीन वर्षं लागतात, आणि यात कर्जाचं व्याज धरलेलंच नाही. त्यामुळे सात वर्षांच्या आत घर विकावं लागेल असं वाटत असेल, तर हे तिन्ही पर्याय सोडून स्थिरावलेल्या भागातलं लहान घर बघावं.

जुनी वस्ती

शाळा, दवाखाना, बस, बाजार सगळं चालू असतं, ही इथली मोठी जमेची बाजू. धोका भिंतींत, पाइपांत आणि शेजारच्या खड्ड्यात असतो. शेजारी तळघरासाठी खोल खोदकाम झालं की जुन्या उथळ पायाखालची माती सरकते. खिडकी-दरवाजाच्या कोपऱ्यातून तिरप्या निघालेल्या, एका टोकाला रुंद होत जाणाऱ्या भेगा शोधा. केसाएवढ्या भेगा बहुधा गिलाव्याच्या असतात. ५ मिलिमीटरहून रुंद भेग दिसली तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका.

पाण्याचा पाइप खरवडून बघा. आतून चकचकीत रुपेरी निघाला, धातू मऊ लागला आणि चुंबक चिकटलं नाही, तर तो शिशाचा आहे. तो बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा. चुंबक चिकटलं तर जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड. ते आतून गंजून अरुंद होतं. सकाळच्या गर्दीच्या वेळी सगळ्यात वरच्या नळाखाली १० लिटरची बादली ठेवा. ती भरायला दोन मिनिटं लागली, तर दाब रडतखडत आहे. ड्रेनेजमध्ये कॅमेरा घालून बघणं इथे फुकट जात नाही, कारण भाजक्या मातीच्या जुन्या पाइपांच्या सांध्यांतून झाडांची मुळं शिरतात.

कारखान्यांचा पट्टा

इमारत नवी, रस्ते रुंद, पार्किंग भरपूर. जुन्या वस्तीत डोळ्यांना दिसणाऱ्या ज्या कटकटी असतात, त्यातली एकही इथे नसते. इथला प्रश्न जमिनीखाली असतो, म्हणून पूर्वी तिथे नेमकं काय चालायचं ते आधी शोधावं लागतं. पेट्रोल पंप असेल तर टाक्यांतून गळलेलं बेन्झीन, इलेक्ट्रोप्लेटिंग किंवा कातडी कमावण्याचं काम असेल तर क्रोमियम, बॅटऱ्यांचा कारखाना असेल तर शिसं. ड्राय क्लीनिंगचं पर्क्लोरोइथिलीन हे द्रावक सगळ्यांत चिवट. पाण्याहून जड असल्यामुळे ते भूजलात खाली उतरत जातं, त्याची वाफ मात्र वर येऊन फरशीच्या भेगांतून आणि पाइपांच्या कडेने घरात शिरते. म्हणून तळमजल्याला धोका जास्त, दहाव्या मजल्याला फारच कमी.

बिल्डर ‘माती तपासलीय’ म्हणाला की कुठला टप्पा झाला ते विचारा. पहिल्या टप्प्यात जुने नकाशे आणि परवाने पाहिले जातात. माती, पाणी आणि वाफेचे नमुने दुसऱ्या टप्प्यात घेतात. पुढचा प्रश्न असा, की दूषित माती उचलून नेली की वर थर टाकून झाकली? झाकली असेल तर खोदकामावर आणि विहिरीवर कायमची बंधनं येऊ शकतात.

अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉलची रसायनं पुरलेली जमीन १९५३ मध्ये शाळा मंडळाला एका डॉलरला विकली गेली. खरेदीखतात रसायनांचा उल्लेख होता. तरी तिथे शाळा झाली, भोवती घरं झाली आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. अशा जागेत मूळ जमिनीचं खरेदीखतही वाचायचं ते यासाठी.

शहराचं टोक

हवा, उजेड, मोठ्या खोल्या. बाकी बरंच काही नकाशावर. मेट्रोची घोषणा, मार्ग निश्चिती, भूसंपादन, कंत्राट, रूळ आणि चाचणी फेऱ्या असे टप्पे असतात. भूसंपादन पूर्ण होण्याआधी त्या मार्गाचा एक पैसाही किमतीत धरू नये. रूळ पडल्यावरही तारखेचा भरवसा नसतो. लंडनची एलिझाबेथ लाइन डिसेंबर २०१८ मध्ये सुरू व्हायची होती, ती मे २०२२ मध्ये सुरू झाली. तेवढे महिने रोजचा प्रवास आजच्याच रस्त्याने झेपेल का, हे कामाच्या दिवशी सकाळी स्वतः जाऊन बघा.

स्टेशनचं अंतर सरळ रेषेत मोजू नका, पायी रस्त्याने मोजा. ८०० मीटर म्हणजे साधारण दहा मिनिटं. मध्ये महामार्ग आडवा आला तर तेच अंतर दुप्पट होतं. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर किती मजले चालतात हेही नियोजन खात्यात विचारा, कारण आज ज्या उजेडाचे पैसे मोजताय तो तिथेच अडतो.

भाग खरंच बदलतोय का?

कॅफे उघडले म्हणून हुरळून जाऊ नये. ते स्वस्त भाड्यामागे येतात आणि भाडं वाढलं की निघून जातात. प्राथमिक शाळेच्या खालच्या वर्गांची वाढती पटसंख्या हा जास्त भरवशाचा संकेत. रात्री नऊला नव्या टॉवरच्या खिडक्या बघा; निम्म्याहून जास्त अंधार असेल तर घरं राहणाऱ्यांनी कमी आणि गुंतवणूकदारांनी जास्त घेतलेली असू शकतात. मंदी आली की हेच लोक एकदम विकायला काढतात. दर ठरवताना जाहिरातीतले आकडे सोडून गेल्या १२ महिन्यांतले नोंदणीकृत व्यवहार घ्या. बँकेचं मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आलं तर फरक खिशातून भरावा लागतो, आणि बदलत्या भागात असं होण्याची शक्यता अधिक, कारण तुलनेला व्यवहारच कमी असतात.

दुरुस्तीसाठी किमतीच्या १० ते १५ टक्के हाताशी असतील आणि मुलं शाळेत असतील तर जुनी वस्ती घ्यावी. दुरुस्तीची धावपळ नको असेल तर कारखान्याच्या पट्ट्यात वरचा मजला चालेल, पण दुसऱ्या टप्प्याचा अहवाल हातात आल्यावरच. टोक फक्त घरून काम करणाऱ्यांना परवडतं, तेही पाण्याची आणि ड्रेनेजची जोडणी प्रत्यक्ष चालू असेल तरच. टँकरवर चालणाऱ्या इमारतीत पहिल्या वर्षीच मेन्टेनन्सचा अंदाज कोलमडतो.