ताण मोजणारे घड्याळ आणि समुपदेशनाचे ॲप : आठ महिन्यांच्या वापरानंतर

कामाच्या ताणाने झोप उडाली, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्यावरून मी मनगटी घड्याळ आणि समुपदेशनाचे ॲप वापरायला सुरुवात केली.

घड्याळाच्या तळाशी असलेल्या हिरव्या प्रकाशाने त्वचेखालच्या रक्तप्रवाहाची स्पंदने टिपली जातात आणि दोन ठोक्यांमधले अंतर किती कमीजास्त होते, यावरून ताणाचा अंदाज बांधला जातो. तो अंदाजच असतो, हे मला उशिरा उमगले. वरिष्ठांशी खटका उडाल्यावर दिसणारा आकडा कडक कॉफी प्यायल्यावर किंवा अंगात कणकण असतानाही दिसे, आणि पहिले दोन महिने तर तो सारखा पाहण्यानेच माझा जीव टांगणीला लागे. शेवटी दिवसभराच्या सूचना बंद करून मी केवळ आठवड्याची सरासरी पाहू लागले.

श्वसनाच्या सरावाचा गुण मात्र लगेच आला. पडद्यावरचे वर्तुळ पाच सेकंद फुगते, पाच सेकंद आकसते. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. बैठकीआधी पाच मिनिटे हे केले की आवाजातला कंप जातो.

विचार तपासून पाहायला शिकवणारे ॲपमधले धडे मी एकटीने सुरू केले आणि तिसऱ्यालाच सोडले. समुपदेशक दर आठवड्याला माझी नोंद वाचून उत्तर देऊ लागल्या, तेव्हाच ते पूर्ण झाले. ‘रात्री अकराच्या मेलला लगेच उत्तर दिले नाही, तर मला बेजबाबदार ठरवतील,’ असे मी लिहिले होते. ‘असे आजवर कोणी म्हटले आहे का?’ एवढेच त्यांनी विचारले. कोणीही म्हटले नव्हते. दहा प्रश्नांच्या, 0 ते 40 गुणांच्या ताणमापन प्रश्नावलीत माझे गुण 27 वरून 18 वर आले, त्याचे श्रेय मी प्रामुख्याने या संवादाला देते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने येणारी दमणूक, हा आजार नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती मानला आहे. त्यामुळे कामाची रचना तशीच ठेवून कर्मचाऱ्याच्या हाती फक्त ॲप देणे मला अन्यायाचे वाटते. ठोक्यांची माहिती कार्यालयाला मिळणार नाही, हे मी आधीच लेखी घेतले होते. वरिष्ठांपुढे मी फक्त महिनाभरात रात्री नऊनंतर आलेल्या फोनची यादी ठेवली. आता ते फोन आम्ही चौघे पाळीपाळीने घेतो.