मसाई मारा की रवांडा: दोन ग्रॅव्हल शर्यती

पूर्व आफ्रिकेच्या कच्च्या रस्त्यांवर लांब पल्ल्याची सायकल शर्यत निवडताना केनियातील ‘मायग्रेशन ग्रॅव्हल रेस’ आणि रवांडातील ‘रेस अराउंड रवांडा’ यांतला मूलभूत फरक घड्याळाचा आहे. २०२१ मध्ये सुरू झालेली केनियाची शर्यत मसाई माराच्या परिसरात चार टप्प्यांत सुमारे ६५० किलोमीटर चालते. दिवसाचा टप्पा संपला की वेळेची मोजणी थांबते आणि तंबूंच्या तळावर झोप व सायकलची दुरुस्ती उरकता येते. राजधानी किगालीहून निघून किगालीलाच परतणाऱ्या सुमारे १,००० किलोमीटरच्या रवांडाच्या शर्यतीत मात्र घड्याळ अखंड चालते, त्यामुळे कुठे आणि किती झोपायचे हा निर्णयसुद्धा स्पर्धेचाच भाग ठरतो.

माराच्या खडकाळ, धुळीच्या वाटांवर वस्ती विरळ आहे. रवांडात चढ संपता संपत नाहीत. पण गावे दाट असल्याने स्वतःची सोय स्वतः पाहणे तुलनेने सोपे जाते.

माझा कौल केनियाला आहे, आणि त्याचे कारण केवळ मार्ग नाही. पूर्व आफ्रिकेच्या सायकलपटूंना व्हिसा आणि खर्चाच्या अडचणींमुळे परदेशी शर्यती दुर्लभ असतात. इथे जागतिक दर्जाचे प्रतिस्पर्धी त्यांच्याच भूमीवर येतात. स्थानिकांना अशी संधी देण्याच्या या प्रयत्नाचा आधारस्तंभ असलेले केनियाचे सायकलपटू सुले कांगांगी २०२२ मध्ये अमेरिकेतील शर्यतीत अपघाती मरण पावले, ही हानी मोठी आहे. एकट्याने रात्रभर सायकल चालवण्याची ओढ असणाऱ्याने मात्र रवांडाच निवडावे.