बायपासनंतरचे ३६ वर्ग : हृदय पुनर्वसन केंद्राचा एक अनुभव

बायपास शस्त्रक्रियेनंतर सातव्या आठवड्यात मी हृदय पुनर्वसनाच्या वर्गाला जाऊ लागलो, तेव्हा तिथे ट्रेडमिलवर चालवून घेतात एवढीच माझी समजूत होती. चालायचेच असेल तर रस्त्यावर काय वाईट, असे मी शल्यचिकित्सकांना विचारलेही होते. आठवड्याला तीन याप्रमाणे ३६ वर्ग पुरे केल्यावर त्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले आहे.

पहिल्या दिवशी व्यायाम नव्हताच, सहा मिनिटांची चालण्याची चाचणी होती. ३० मीटरच्या सरळ मार्गिकेत दोन टोकांना खुणा ठेवलेल्या असतात. आपल्या गतीने फेऱ्या मारायच्या, दम लागला तर उभे राहायचे, घड्याळ मात्र थांबत नाही. मी जेमतेम २९० मीटर चाललो, त्यातही शेवटचा टप्पा भिंतीला हात लावून. बाराव्या आठवड्यात तीच चाचणी ४३५ मीटरवर गेली.

केंद्रातली सर्वांत मोलाची वस्तू मात्र यंत्रांपैकी नव्हे, तर ट्रेडमिलसमोर टांगलेला ६ ते २० आकड्यांचा तक्ता होय. श्रम किती जाणवतात हे आकड्यात सांगण्याची ही पद्धत गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची आहे. सहापासून सुरुवात विचित्र वाटते; पण निरोगी तरुणाच्या बाबतीत त्या आकड्याला दहाने गुणले की नाडीच्या ठोक्यांचा साधारण अंदाज येतो. आमच्यापैकी बहुतेकांना बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारी औषधे, चालू असल्यामुळे नाडी हवी तितकी चढत नाही आणि नाडीची कमाल गती काढण्याचे, २२० मधून वय वजा करण्याचे सूत्र फसवे ठरते, म्हणून हा तक्ता. दुसऱ्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टबाईंनी ‘आता किती?’ असे विचारले, तेव्हा मी ऐटीत ‘दहा’ म्हणालो. त्यांनी शांतपणे मला घरचा संपूर्ण पत्ता सांगायला लावला. इमारतीच्या नावापर्यंत पोचलो आणि श्वास संपला. ‘हे पंधरा आहे काका,’ म्हणत त्यांनी पट्ट्याचा वेग कमी केला. आम्हाला राखायचे होते त्या ११ ते १३ च्या दरम्यान श्रम कसे वाटतात, हे ओळखायला मला आणखी तीन आठवडे लागले.

शेवटची दहा मिनिटे वेग हळूहळू उतरवण्यासाठी असतात. तो मला वेळकाढूपणा वाटे. एकदा पट्टा थांबवून तसाच खाली उतरलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, कारण चालणे एकदम थांबले की पायांत उतरलेले रक्त वर ढकलणारे स्नायूही थांबतात. छातीचे हाड तारांनी बांधलेले असल्यामुळे हातांचे व्यायाम फार सावकाश वाढवले गेले. वजन उचलताना श्वास रोखू नका, हे वाक्य तर दर वर्गाला कानावर पडे, आणि ते पडायलाच हवे होते.

उणिवाही सांगायला हव्यात. मनाच्या बाजूला या केंद्राने अर्ध्या तासाच्या एका व्याख्यानात उरकले. रात्री कूस बदलताना छातीत जरा काही झाले की जी धास्ती बसते, तिच्याविषयी बोलणे झाले ते बाकावर वाट पाहणाऱ्या सहरुग्णांशीच. सगळे वर्ग सकाळी उशिरा असल्यामुळे कामावर रुजू झालेल्या दोघांना ते सोडावे लागले, याचे मला वाईट वाटते. छत्तिसाव्या वर्गानंतर हातात व्यायामाचा छापील कागद पडला, पण पुढे महिनाभरात विचारपूस करणारा एक फोनही आला नाही.

तरीही ज्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे त्यांना मी जाण्याचाच सल्ला देईन. मात्र नाव नोंदवण्यापूर्वी व्यायाम चालू असताना ईसीजी पडद्यावर कोण पाहते, संध्याकाळचा वर्ग आहे का आणि वर्ग संपल्यावर शंका आली तर कोणाला विचारायचे, एवढे स्पष्ट विचारून घ्यावे.