ईईबीओ-टीसीपी रिव्ह्यू: ‘डचेस ऑफ मालफी’साठी वापरलं, लंडन सापडलं, अमाल्फी नाही

जॉन वेब्स्टरचं ‘द डचेस ऑफ मालफी’ हे 1613-14 च्या सुमाराचं इंग्रजी नाटक अभ्यासाला आलं की सगळे तीच दोन-चार गाइडं उघडतात आणि रेनेसान्स म्हणजे काय याचा तोच परिच्छेद उतरवून काढतात. त्यापेक्षा त्या काळातली पुस्तकंच फुकट वाचायला मिळत असतील तर? ईईबीओ-टीसीपी (अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइन – टेक्स्ट क्रिएशन पार्टनरशिप) म्हणजे तेच. 1473 ते 1700 या काळातली, मुख्यतः इंग्रजीतली पुस्तकं माणसांकडून टाइप करून घेतलेली, सगळी मिळून 60 हजारांच्या आसपास. त्यातली 25 हजार 2015 मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली, बाकीची 2020 मध्ये. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीच्या साइटवर आहेत, लॉगिन नाही, पैसे नाहीत. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, आणि तो पाचवा का कापला ते खाली येतंच.

आधी गोष्ट थोडक्यात. इटलीतल्या अमाल्फीची (नाटकात मालफी) विधवा डचेस आपल्याच कारभाऱ्याशी, अँटोनिओशी, गुपचूप लग्न करते आणि तिचे दोघे भाऊ (एक ड्यूक, एक कार्डिनल म्हणजे कॅथलिक चर्चचा बडा धर्मगुरू) तिचा जीव घेतात. आता आपल्याकडे विधवेचं लग्न म्हटलं की 1856 चा कायदा डोक्यात येतो आणि आपण सरळ लिहून मोकळे होतो की तेव्हा इंग्लंडमध्येही विधवांना पुन्हा लग्न करायला बंदी होती. अजिबात नव्हती! लंडनमध्ये विधवा सर्रास लग्न करायच्या, उलट नवरा गेल्यावर बाईला स्वतःच्या नावावर व्यवहार करता यायचे आणि नवऱ्याच्या जमिनीतला तिसरा हिस्सा हयातभर मिळायचा. म्हणजे भानगड लग्नाची नाही, पैसा आणि मर्जी दोन्ही जवळ असलेल्या बाईची आहे, आणि त्यात नवरा खालच्या दर्जाचा, हे तर भावांना अजूनच झोंबतं.

आणि इथेच ही साइट कमाल करते. सर थॉमस ओव्हरबरीच्या नावावर व्यक्तिचित्रांचं एक पुस्तक खूप खपलं होतं, त्याच्या 1615 च्या आवृत्तीत जी नवीन चित्रं आली ती वेब्स्टरची मानतात. त्यात एक आहे सद्गुणी विधवा. तिने मुलं व्हावीत म्हणून लग्न केलं आणि आता त्याच मुलांसाठी ती दुसरं करत नाही, वगैरे वगैरे. म्हणजे डचेसला इतक्या मायेने रंगवणारा माणूस वर्ष-दोन वर्षांत लग्न न करणाऱ्या विधवेची आरती ओवाळतोय! हे शेजारी शेजारी उघडून वाचलं की नाटकाकडे बघायची नजरच बदलते, गाइडमध्ये हे कुठून येणार.

दुसरं म्हणजे ते खोलीतलं लग्न, पाद्री नाही, साक्षीला फक्त दासी कॅरिओला. हे खरं लग्न का? तर हो. आत्ता या क्षणी मी तुला नवरा मानते असं दोघांनी एकमेकांना म्हटलं तरी इंग्लंडमध्ये ते बंधनकारक धरायचे, चर्चला ही पद्धत आवडत नसली तरी, आणि हे थेट 1753 च्या कायद्यापर्यंत चाललं. हेन्री स्विनबर्न नावाच्या यॉर्कच्या वकिलाने यावर अख्खं पुस्तक लिहिलंय, छापलं गेलं ते मात्र 1686 मध्ये. वाचायला जड आहे, पण डचेस वकिलांचा हवाला देते त्या ओळीला नोट हवी असेल तर याच्यासारखं काही नाही. वेब्स्टरच्याच काळात राजघराण्यातल्या आर्बेला स्टुअर्टने 1610 मध्ये विल्यम सिमोरशी चोरून लग्न केलं, मग कैद, मग पुरुषी कपड्यांत पळून जायचा प्रयत्न, आणि 1615 मध्ये टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेतच मेली. तेव्हाच्या प्रेक्षकाला स्टेजवर ती दिसत नसेल असं मला तरी वाटत नाही.

त्रास काय? स्पेलिंग. 1623 च्या छापील प्रतीवर डचेसमध्ये जास्तीचा टी आहे, विडोमध्ये दोन डी सापडतात, एकाच पानावर दोन प्रकार असतात, त्यामुळे साधा शब्द टाकला की निम्मं काही येतच नाही. सगळी स्पेलिंगं एकेक करून टाकावी लागतात (अर्लीप्रिंट नावाची साइट याच मजकुरावर आधुनिक स्पेलिंग देते, ती बघा). जिथे अक्षर वाचता आलं नाही तिथे नुसती खूण टाकून ठेवलीय. आणि मूळ पानांचे फोटो नाहीत, ते प्रोक्वेस्ट कंपनीच्या पेड व्हर्जनमध्ये, तुमच्या युनिव्हर्सिटीने घेतलं असेल तर. मोबाइलवर तर नादच करू नका, लॅपटॉप घ्या.

पण स्टार कापला तो यासाठी नाही, या गोष्टीची इटालियन बाजू इथे सापडत नाही यासाठी. डचेसची गोष्ट खरी घडलेली आहे. खरी डचेस म्हणजे जोव्हाना दारागोना, नेपल्सच्या राजाची नात, 1498 मध्ये विधवा झाली, आणि तिचा अँटोनिओ बोलोन्या 1513 मध्ये मिलानमध्ये भर रस्त्यात मारला गेला. बांदेल्लो नावाच्या इटालियन लेखकाची त्यावरची गोष्ट 1554 मध्ये छापली गेली, तिथून फ्रेंचमध्ये गेलं, तिथून विल्यम पेंटरने 1567 मध्ये इंग्रजीत आणलं, आणि या साइटवर तुमच्या हाती लागतो तो पेंटर, जो पानोपानी डचेसला बोल लावत बसतो. तेव्हा पेंटरवरून इटलीबद्दल काही लिहू नका, तिथे दिसते ती प्रोटेस्टंट लंडनला हवी तशी इटली, जिथे प्रत्येक कार्डिनल विषच घालत फिरतो. बांदेल्लोची जुनी छापील पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन केलेली मिळतात, इटालियन येत नसेल तर ट्रान्सलेटर लावून का होईना पण ती गोष्ट एकदा पेंटरच्या शेजारी ठेवून वाचाच.