एक नाकाने कांदे सोलतो, दुसऱ्याला शेंडा ना बुडखा

वेबसाइट चालवणारा खुनी, कॅमेऱ्यासमोर तडफडणारी माणसं, मागावर असलेले पोलीस. 'अनट्रेसेबल' (२००८) आणि 'फिअरडॉटकॉम' (२००२) या दोन हॉलिवूडपटांची ओळख एकाच वाक्यात उरकता येईल. समीक्षकांनीही दोघांना धू धू धुतलं. किती टक्के समीक्षकांना चित्रपट आवडला हे सांगणाऱ्या रॉटन टोमॅटोज या साइटवर पहिला २० टक्क्यांच्या खाली, दुसरा तर ५ टक्क्यांच्याही खाली. पण मार पडला तो वेगवेगळ्या कारणांसाठी, आणि कोणता बघायचा हे त्या कारणांवरूनच ठरवावं.

'अनट्रेसेबल'मध्ये डायन लेन पोर्टलंडची एफबीआय अधिकारी आहे, सायबर गुन्ह्यांच्या विभागात. एका साइटवर आधी चिकट सापळ्यात अडकलेलं मांजराचं पिल्लू दिसतं, मग जिवंत माणूस. त्याच्या अंगात रक्त गोठू न देणारं औषध सोडलं जातंय, आणि साइटवर येणाऱ्यांचा आकडा जसा चढेल तसा औषधाचा वेग वाढतो. म्हणजे नुसतं डोकावणाराही खुनात भागीदार. अपघाताची क्लिप ग्रुपवर ढकलून खाली 'फार वाईट झालं' लिहिणाऱ्यांना हे आजही झोंबेल.

समीक्षकांचं डोकं फिरलं ते इथेच. लोक हिंसा चवीने बघतात म्हणून हा चित्रपट कान उपटतो, आणि तीच हिंसा स्वतः जवळून, सावकाश, तिकीट लावून दाखवतो. 'सॉ' आणि 'होस्टेल'च्या लाटेनंतर छळदृश्यांचा अनेकांना आधीच उबग आला होता, त्यात हा उपदेश. आरोप रास्तच आहे. ॲसिडच्या टाकीचा प्रसंग जितका ताणलाय तितकी कथेची गरज नव्हती. पण नाकाने कांदे सोलणाऱ्याकडे निदान कांदा तरी असतो! अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी बहुसंख्यांच्या उलट जाऊन चारपैकी तीन तारे दिले, आणि माझंही मत त्यांच्याच बाजूला झुकतं. दिग्दर्शक ग्रेगरी हॉब्लिट म्हणजे 'प्रायमल फिअर'वाले, तपास कसा पुढे सरकवायचा हे त्यांना पक्कं ठाऊक. डायन लेनचा थकलेला, कोरडा चेहरा अर्धा चित्रपट एकटा ओढतो. शेवटाकडे मात्र खुनी गाडीचा संगणक हॅक करून ती पुलावर बंद पाडतो वगैरे प्रकार सुरू होतात, तिथे हसू येतं.

'फिअरडॉटकॉम'वरची तक्रार नैतिक नव्हतीच. काय चाललंय तेच कुणाला कळेना. साइट बघितली की ४८ तासांत मरण. त्यात एक छळ करणारा डॉक्टर, एक भूत, आणि कायम अंधारात राहणारं न्यूयॉर्क. जपानी 'रिंगू'मध्ये (१९९८) टेप पाहिल्यावर सात दिवस मिळायचे, इथे तेवढीही उसंत नाही. नशीबही असं फुटकं की त्याच 'रिंगू'चा अमेरिकी अवतार दीड-दोन महिन्यांत आला आणि घाबरवायचं कसं ते दाखवून गेला. चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांनी सिनेमास्कोरच्या पाहणीत याला थेट 'एफ', म्हणजे सर्वात खालची श्रेणी, दिली. समीक्षक आणि पब्लिक यांचं इतकं एकमत एरवी होत नाही.

गंमत म्हणजे इथेही ईबर्ट थोडे वेगळेच. तारे दोनच दिले, पण दृश्यरचनेचं, खासकरून शेवटच्या २० मिनिटांचं, तोंडभरून कौतुक केलं. ते पटतं. दिग्दर्शक विल्यम मलोन यांना चित्र दिसतं, गोष्ट दिसत नाही.

पोलिसी तपास आवडत असेल आणि रक्त बघवत असेल, तर 'अनट्रेसेबल' लावा. मांजराचा प्रसंग अगदी सुरुवातीला येतो. तो सोसला नाही तर तिथेच बंद करा, पुढे याहून वाईट आहे. 'फिअरडॉटकॉम' फक्त छायाचित्रण, प्रकाशयोजना यांत रस असणाऱ्यांसाठी, आणि त्यांनीही कथा समजून घ्यायच्या फंदात पडू नये.