हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३ : आठ कौशल्ये आणि नऊ शहरे — काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

१९९९ साली न्यू वर्ल्ड कम्प्युटिंगने तयार केलेला आणि थ्रीडीओने बाजारात आणलेला ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ हा पाळीपाळीने खेळायचा डावपेचांचा संगणकीय खेळ पाव शतक उलटून गेले तरी लोक आवडीने खेळतात. त्याच्या चित्रांविषयी, संगीताविषयी आणि नकाशांविषयी भरपूर लिहिले गेले असल्यामुळे येथे एकाच गोष्टीचा विचार केला आहे : हिरोची, म्हणजे सैन्य घेऊन नकाशावर फिरणाऱ्या सेनापतीची, दुय्यम कौशल्ये निवडताना आपण कोणत्या शहराकडून (म्हणजे खेळातील कोणत्या पक्षाकडून) खेळत आहोत, याला किती महत्त्व द्यावे. मूळ खेळ आणि त्याचे दोन्ही विस्तार असलेली कम्प्लीट आवृत्ती मी गेले काही महिने नियमितपणे, नऊही शहरे आलटून पालटून खेळत आहे. त्यावरून बनलेले माझे मत असे, की कौशल्यांच्या आठ जागांपैकी पहिल्या दोन-तीन जागांचा निकाल खेळाने आधीच लावून ठेवला आहे. शहराचा विचार खऱ्या अर्थाने उरलेल्या जागांसाठी करावा लागतो, आणि डावाची गंमतही तिथेच आहे.

ज्यांनी हा खेळ अलीकडेच सुरू केला आहे त्यांच्यासाठी थोडा तपशील देतो. एकूण २८ कौशल्ये आहेत, एका हिरोला त्यांपैकी फक्त ८ शिकता येतात आणि प्रत्येकाच्या बेसिक, अ‍ॅडव्हान्स्ड आणि एक्स्पर्ट अशा तीन पायऱ्या असतात. हिरोची लेव्हल वाढली की दोन पर्याय समोर येतात. साधारणपणे त्यांतील एक आधी घेतलेल्या कौशल्याची पुढची पायरी असते आणि दुसरे नवे कौशल्य असते. एकदा घेतलेले कौशल्य काढून टाकता येत नाही. हिरो दोन पायऱ्या घेऊनच सुरुवात करतो, हे धरले तर सर्व २४ पायऱ्या भरायला त्याला २३ व्या लेव्हलपर्यंत जावे लागेल आणि मध्यम आकाराच्या नकाशावर डाव सहसा त्याआधीच निकाली निघतो. म्हणून आठ कौशल्ये अर्धवट असण्यापेक्षा पाच पूर्ण असलेली बरी. नवे कौशल्य कितीही आकर्षक दिसले तरी हातातल्या चांगल्या कौशल्याची पुढची पायरी सोडून ते घेताना दोनदा विचार करावा.

समोर येणारे पर्याय निव्वळ नशिबाचे नसतात. प्रत्येक वर्गाला (प्रत्येक शहराचे लढवय्या आणि जादूगार असे हिरोंचे दोन वर्ग असतात) कोणते कौशल्य किती वेळा विचारले जावे याचे प्रमाण खेळात ठरलेले आहे. स्ट्राँगहोल्ड शहराच्या लढवय्या बार्बेरियनला हातघाईचे नुकसान वाढवणारे ऑफेन्स वारंवार मिळते आणि वरच्या पातळ्यांचे मंत्र शिकू देणारे विस्डम क्वचित. मात्र लढवय्या हिरोला निदान सहा लेव्हलांतून एकदा विस्डम आणि चार लेव्हलांतून एकदा जादूची एखादी शाखा दाखवली जाते, तर जादूगार हिरोला या दोन्ही गोष्टी निदान तीन लेव्हलांतून एकदा दिसतात. खेळ स्वतः हे कुठेही सांगत नाही, ही त्याची मोठी उणीव म्हणावी लागेल, कारण हे ठाऊक असलेला खेळाडू जागा राखून ठेवतो आणि ठाऊक नसलेला ती ईगल आयसारख्या टाकाऊ कौशल्याने भरून टाकतो.

निकाल आधीच लागलेली कौशल्ये म्हणजे लॉजिस्टिक्स आणि अर्थ मॅजिक. लॉजिस्टिक्स एक्स्पर्ट झाले की जमिनीवरची चाल ३० टक्क्यांनी वाढते. ज्या खेळात खाण एक दिवस आधी ताब्यात येणे म्हणजेच पुढच्या आठवड्याचे सैन्य, तिथे या कौशल्याला तोड नाही. अर्थ मॅजिकमध्ये टाउन पोर्टल आहे, ज्याने अ‍ॅडव्हान्स्ड पायरीपासूनच आपल्या हव्या त्या शहरात उडी घेता येते. रिझरेक्शन आहे, ज्याने अ‍ॅडव्हान्स्डपासून पुढे उठवलेले सैनिक लढाईनंतरही टिकतात. आणि पहिल्या पातळीचा साधासुधा स्लो आहे, जो एक्स्पर्टला शत्रूच्या संपूर्ण सैन्याचा वेग निम्मा करतो. एअर मॅजिक त्याच्या मागोमाग येते, कारण एक्स्पर्ट हेस्टने आपल्या सर्व तुकड्यांचा वेग ५ ने वाढतो. आता तक्रार हीच, की रामपार्ट असो वा डंजन, कोणत्याही हिरोला या दोन-तीन गोष्टी हव्याच असतात आणि त्यामुळे १८ वर्गांतील वेगळेपणा बराच पुसला जातो. फायर आणि वॉटर या शाखा वाईट नाहीत. त्यांच्या शेजारी अर्थ मॅजिक बसले आहे, हे त्यांचे दुर्दैव.

स्ट्राँगहोल्डपासून सुरुवात करतो, कारण तिथे हा प्रश्न सर्वांत स्पष्ट दिसतो. या शहराचे मॅज गिल्ड, म्हणजे मंत्र शिकवणारी इमारत, तिसऱ्या पातळीपर्यंतच बांधता येते, म्हणजे चौथ्या पातळीवरचे टाउन पोर्टल आणि रिझरेक्शन घरच्या घरी मिळण्याची शक्यताच नाही. अशा वेळी बार्बेरियनने विस्डमवर तीन पायऱ्या खर्च कराव्यात का? दुसऱ्या प्रकारचे एखादे शहर ताब्यात येईपर्यंत करू नयेत, असे माझे मत आहे. अर्थ मॅजिक मात्र तरीही घ्यावे आणि ते केवळ स्लोसाठी. क्रॅग हॅक या बार्बेरियनच्या सैन्याची कॅसलच्या सैन्याशी गाठ पडली की काय होते ते पाहा : एरवी आर्चएंजलचा वेग १८, चॅम्पियनचा ९ आणि क्रुसेडरचा ६ असतो. एक्स्पर्ट स्लो पडताच ते अनुक्रमे ९, ४ आणि ३ वर येतात. आपला थंडरबर्ड ११ वेगाने आता सर्वांच्या आधी चालतो आणि ३०० हिट पॉइंटचा एन्शंट बेहेमथ, ज्याचा वेग ९ आहे, तो थेट आर्चएंजलच्या बरोबरीला येऊन बसतो. शत्रूचे घोडेस्वार मैदानाच्या मध्यावरही पोहोचत नाहीत, आणि तेवढ्यात आपले नेमबाज ऑर्क एक वार जास्त करून घेतात. बार्बेरियनचे सुरुवातीचे नॉलेज १ असते, म्हणजे त्याच्याकडे १० स्पेल पॉइंट असतात. अर्थ मॅजिक असल्यास स्लोला ५ लागतात. दोनदा टाकण्यापुरती तरतूद आयती आहे. फक्त मंत्र स्पेल पॉवरइतकेच राउंड टिकतो, हे लक्षात ठेवून नकाशावरची पॉवर वाढवणारी ठिकाणे चुकवू नयेत.

क्रॅग हॅक अ‍ॅडव्हान्स्ड ऑफेन्स घेऊनच येतो आणि ऑफेन्स हीच त्याची खासियत आहे. एक्स्पर्ट ऑफेन्सने हातघाईच्या लढाईतील नुकसान ३० टक्क्यांनी वाढते, आणि त्याची खासियत दर लेव्हलला त्यात ५ टक्क्यांची भर घालते. २० व्या लेव्हलला ते ३० टक्के बरोबर दुप्पट, म्हणजे ६० होतात. स्ट्राँगहोल्डसाठी त्यानंतर टॅक्टिक्स (लढाईपूर्वी तुकड्या पुढे मांडण्यासाठी) आणि आर्मरर (आपले नुकसान कमी करण्यासाठी) घ्यावे. तट फोडण्याचे बॅलिस्टिक्स टाळावे, कारण सायक्लॉप्स स्वतःच तटावर दगड मारतात आणि तेवढ्यासाठी एक जागा अडकवून ठेवणे मला पटत नाही.

फोर्ट्रेसचे मॅज गिल्डही तीनच पातळ्यांचे, पण तेथील सैन्याचा स्वभाव निराळा. तिथला लढवय्या बीस्टमास्टर ४ डिफेन्स आणि ० अटॅक घेऊन येतो, आणि त्यांच्यातला ताझार तर अ‍ॅडव्हान्स्ड आर्मररसह येतो. तीच त्याची खासियत असल्यामुळे एक्स्पर्टचे १५ टक्के २० व्या लेव्हलला ३० होतात. येथे टॅक्टिक्स मी लॉजिस्टिक्सइतकेच महत्त्वाचे मानतो. केऑस हायड्रा आपल्या भोवतीच्या सर्व शत्रूंवर एकदम हल्ला करते आणि तिच्यावर कोणी उलट वार करू शकत नाही, पण तिचा वेग ७ आहे. ती चालत जाईपर्यंत लढाईचा रंग बदललेला असतो. एक्स्पर्ट टॅक्टिक्समुळे लढाईपूर्वीच ती सातव्या रकान्यापर्यंत पुढे ठेवता येते, आणि मैदान १५ रकान्यांचे असल्यामुळे पहिल्याच फेरीत ती शत्रूच्या ओळीच्या तोंडाशी जाते. शत्रूकडेही टॅक्टिक्स असेल तर मात्र दोघांच्या पायऱ्यांतील फरकच काय तो उपयोगी पडतो. अवघड जमिनीवरची चाल सोपी करणारे पाथफाइंडिंग येथे घेऊ नये. दलदलीत चालायला इतरांना पावणेदोन पट चाल लागते, पण संपूर्ण सैन्य दलदलीतलेच असेल तर फोर्ट्रेसच्या हिरोला तो भुर्दंड पडतच नाही.

मृतांचे सैन्य बाळगणाऱ्या नेक्रोपोलिसविषयी जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण शहर आणि कौशल्य यांची गाठ सर्वांत घट्ट बांधली गेली आहे ती येथेच. नेक्रोमन्सी या शहराच्या हिरोंनाच मिळते. तिच्या जोरावर ठार झालेल्या शत्रूंतून पायऱ्यांप्रमाणे १०, २० आणि ३० टक्के सांगाडे उठतात आणि शहरात नेक्रोमन्सी अ‍ॅम्प्लिफायर बांधला तर त्यात १० टक्क्यांची भर पडते. येथे कोणतीही चर्चा नको : एक्स्पर्टपर्यंतची प्रत्येक पायरी समोर येताच घ्यावी. उशिरा घेतलेली नेक्रोमन्सी मागे झालेल्या लढायांचे सांगाडे परत आणून देत नाही, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत तिची जी किंमत आहे ती नंतर राहत नाही. इझ्रा किंवा विडोमिना या दोघींपैकी कोणी मिळाली तर प्रश्नच मिटतो, कारण नेक्रोमन्सी हीच त्यांची खासियत आहे.

पण नेक्रोमन्सीमुळे बाकीच्या निवडीही बदलतात, आणि याकडे बऱ्याच जणांचे दुर्लक्ष होते. मृत सैनिकांना मनोधैर्य हा प्रकारच नाही, म्हणून ते वाढवणारी लीडरशिप या हिरोंना विचारलीही जात नाही. त्यांच्यावर ब्लेस चालत नाही, त्यामुळे वॉटर मॅजिकचा पहिला आणि स्वस्त फायदा गेला. त्यांच्यावर रिझरेक्शन चालत नाही. त्याऐवजी अ‍ॅनिमेट डेड लागतो, आणि तो तिसऱ्याच पातळीवर, अर्थ मॅजिकमध्येच, शिवाय उठवलेले सैनिक कायमचे. म्हणजे नेक्रोपोलिसला बेसिक विस्डमवर जे मिळते त्यासाठी कॅसलला अ‍ॅडव्हान्स्डपर्यंत थांबावे लागते. राहिला वेगाचा प्रश्न. नकाशावरील हिरोची चाल सैन्यातील सर्वांत मंद तुकडीवर ठरते आणि सांगाड्यांचा वेग ४, स्केलेटन वॉरियर केले तरी ५ असल्यामुळे लॉजिस्टिक्सची निकड येथे इतरांपेक्षा जास्त भासते. झोंबी तर मी शहराच्या रक्षणालाच ठेवतो. क्लोक ऑफ द अनडेड किंग या जोडून बनवायच्या वस्तूचे तीन भाग जमले तर एक्स्पर्ट नेक्रोमन्सी सांगाड्यांऐवजी त्यांच्यापेक्षा कितीतरी बलवान लिच उठवू लागते, आणि मग समोरच्याने डाव सोडावा हेच बरे. संतुलनाच्या दृष्टीने ही वस्तू खेळात नसती तरी चालले असते.

लीडरशिपचा उलटा हिशेब कॅसलमध्ये पाहायला मिळतो. नाइटकडे ती सुरुवातीपासूनच असते, म्हणून पुढच्या पायऱ्या सहज घेतल्या जातात. मात्र मनोधैर्याची कमाल मर्यादा +३ आहे. सर्व सैन्य एकाच शहराचे असेल तर +१ मिळतो, एंजल सोबत असतील तर आणखी +१ मिळतो आणि बेसिक लीडरशिपने तिसरा मिळतो. पुढच्या दोन पायऱ्या अशा सैन्यात जवळजवळ वाया जातात. मिश्र सैन्य घेऊन फिरणाऱ्यालाच त्यांचा उपयोग. त्याऐवजी आर्चरी घ्यावी, जी एक्स्पर्टला नेमबाजांचे नुकसान ५० टक्क्यांनी वाढवते. मार्क्समन दोनदा बाण सोडतात आणि झीलटही दुरूनच मारतात. रामपार्टलाही ग्रँड एल्फमुळे हेच लागू पडते. टॉवरमध्ये मास्टर ग्रेमलिन, आर्च मॅगस आणि टायटन असे तीन नेमबाज असूनही विझार्डला आर्चरी कमीच विचारली जाते, म्हणून तिथे विस्डम, अर्थ, एअर आणि स्पेल पॉइंट वाढवणारे इंटेलिजन्स या वाटेने जाणे सोपे. लायब्ररीमुळे प्रत्येक पातळीला एक मंत्र जास्त मिळतो, तो घेण्यासाठी विस्डम तर हवेच. सोल्मिर या विझार्डची चेन लाइटनिंग सुरुवातीपासून हातात असते, पण ती दर वेळी जवळच्या तुकडीवर उडी घेते, मग ती तुकडी आपली का असेना, याचे भान ठेवावे.

डंजनमध्ये फायर मॅजिकला शेवटी न्याय मिळतो. ब्लॅक ड्रॅगनवर कोणतीही जादू चालत नाही, तेव्हा फक्त ड्रॅगन घेऊन निघालेल्या वॉरलॉकने (या शहराच्या जादूगाराने) सगळ्या मैदानाला भाजणारा आर्मागेडन मंत्र टाकला की मैदानावर फक्त शत्रू भाजतो. याच गुणामुळे त्याच ड्रॅगनवर हेस्टही चालत नाही आणि रिझरेक्शनही नाही. म्हणून ड्रॅगनवर भिस्त असेल तर आर्मरर आणि ऑफेन्स यांसारखी, जादूवर न अवलंबणारी कौशल्ये वॉरलॉकलाही कामाची ठरतात. गुन्नारसारखा टॅक्टिक्स आणि लॉजिस्टिक्स घेऊनच येणारा ओव्हरलॉर्ड मला या शहराचा सर्वोत्तम मुख्य हिरो वाटतो.

इन्फर्नो आणि कॉनफ्लक्स यांच्याबाबत वेगळे सांगण्यासारखे थोडेच आहे. कॉनफ्लक्सच्या मॅजिक युनिव्हर्सिटीत जादूच्या चारही शाखा प्रत्येकी २००० सोन्याला शिकता येतात, त्यामुळे तिथे लेव्हल वाढताना शाखेसाठी घाई करू नये. फक्त जागा मोकळी ठेवावी.

मुख्य हिरोसाठी टाकाऊ असलेली कौशल्ये इतरांना द्यावीत. टॅव्हर्नमध्ये २५०० सोन्याला घेतलेल्या हिरोकडे इस्टेट्स असेल आणि ते एक्स्पर्ट झाले तर रोज ५०० सोने येते. लर्निंगने मिळणारा १५ टक्के जादा अनुभव संपूर्ण डावात फार तर एखादी लेव्हल वाढवतो, आणि ईगल आय शत्रूचा मंत्र पाहून शिकवते तेही फार तर चौथ्या पातळीपर्यंतचे आणि तेही नशिबाने. ही दोन कौशल्ये मी कोणत्याही शहरात, कोणत्याही हिरोला घेत नाही.

खरेदी करणाऱ्यांसाठी एक सूचना. २०१५ साली आलेल्या एचडी आवृत्तीत मूळ खेळ तेवढा आहे, आर्मागेडन्स ब्लेड आणि शॅडो ऑफ डेथ हे दोन्ही विस्तार नाहीत. म्हणजे तीत कॉनफ्लक्सही नाही आणि जोडून बनवायच्या वस्तूही नाहीत. वर लिहिलेले सर्व अजमावून पाहायचे असल्यास कम्प्लीट आवृत्तीच घ्यावी. ती साध्या, जुन्या लॅपटॉपवरही व्यवस्थित चालते.